पदवीच्या वर्षांतलं ऑर्थोडॉन्टिक्स: तपासणीपासून रेफरलपर्यंत

ऑर्थोडॉन्टिक्सच्या (वाकडे दात आणि जबड्यांचं नातं सुधारण्याच्या शाखेच्या) पोस्टिंगला आलेल्या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला ब्रॅकेट, म्हणजे वायर धरायला दातावर चिकटवतात ते छोटे तुकडे, हाताळायची घाई असते. हातात पडते ती स्टीलची वायर आणि एक प्लायर. मग वायर सरळ करणं, चौकोन, त्रिकोण, ॲडम्स क्लॅस्प (दाढेला पकडणारी वायरची कडी), जर्नलमधल्या आकृत्या, सेफॅलोमेट्रीच्या (डोक्याच्या एक्स-रेवरच्या मोजमापाच्या) कोनांचं पाठांतर, आणि पोस्टिंग संपते. व्हायवात एसएनए हा कोन किती हे सांगता येतं. पण समोर नऊ वर्षांचं मूल बसलं आणि आईने विचारलं, "दात वाकडे येतायत, आत्ता काही करायचं का?" तर जीभ अडखळते.

माझ्या मते पदवीच्या पातळीवर या विषयातलं खरं काम म्हणजे त्या आईला नीट उत्तर देता येणं. त्यासाठी प्रत्येक केसमध्ये तीन प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा. तोंडात आत्ता नेमकं काय आहे? वाढीबरोबर ते सुधारेल, तसंच राहील की बिघडेल? यातलं मी काय करायचं आणि काय, कधी तज्ज्ञाकडे पाठवायचं? जर्नलमधला प्रत्येक व्यायाम या तीनपैकी कुठल्या तरी प्रश्नासाठी आहे. फिक्स्ड अप्लायन्सने (दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेट-वायरने) पूर्ण केस करणं हा पदव्युत्तर प्रशिक्षणाचा भाग. टायपोडॉन्टवर (सरावाच्या दातांच्या मॉडेलवर) ब्रॅकेट चिकटवून जरूर बघा. सुटलेला ब्रॅकेट किंवा गालात टोचणारी वायर घेऊन पेशंट आला तर उपयोगी पडतं. वेळ कमी असेल तर मात्र तो आधी खालच्या गोष्टींना द्या.

तपासणी: तोंड उघडायला सांगण्याआधी

तक्रार पेशंटच्या शब्दांत लिहा. आठ मिलिमीटर ओव्हरजेट (वरचे पुढचे दात खालच्यांच्या जितके पुढे ते अंतर) असलेल्या मुलीला त्याचं काहीच वाटत नसतं, तिला फक्त एक फिरलेला दात खुपत असतो. केसपेपरवर "क्लास दोन डिव्हिजन एक" (हे वर्गीकरण पुढे येतं) लिहून तिची तक्रार पुसून टाकू नका.

इतिहासात काही गोष्टी मुद्दाम विचाराव्या लागतात. पुढच्या दातांना कधी मार लागला होता का? निकेलची ॲलर्जी? हृदयाचा असा आजार, ज्यात एंडोकार्डायटिसची (हृदयाच्या आतल्या आवरणाच्या संसर्गाची) जोखीम असते? बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं? ही औषधं हाडाची झीज रोखतात, आणि दात सरकायला तीच झीज लागते. उंची अलीकडे झपाट्याने वाढली का, मुलींमध्ये पाळी सुरू झाली का, हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

मग चेहरा. पेशंटला सरळ बसवून समोर दूरवर बघायला सांगा. डोकं हेडरेस्टवर टेकलेलं असताना प्रोफाइल बघणं निरर्थक आहे. हनुवटी थोडी वर गेली तरी मागे असलेला खालचा जबडा पुढे आल्यासारखा दिसतो. ओठ आपोआप मिटतात की हनुवटीचा स्नायू आक्रसून मिटवावे लागतात ते पाहा. "ओठ मीट" असं सांगितलंत की हे दिसणार नाही, तेव्हा बोलता बोलता बघा.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त वगळली जाते: जबडा मिटताना पाहणं. पेशंटला सैल बसवा, जिभेचं टोक टाळूवर मागे न्यायला सांगा आणि दात हळूहळू टेकू द्या. पहिला स्पर्श कुठे होतो आणि तिथून पूर्ण चावताना जबडा कुठे घसरतो? पुढचे दात उलटे बसणाऱ्या काही मुलांमध्ये कडा आधी कडांना टेकतात आणि मग खालचा जबडा पुढे सरकतो. हा आभासी क्लास तीन (क्लास तीन म्हणजे खालचा जबडा पुढे). दातांच्या प्लास्टरच्या साच्यावर तो खऱ्या क्लास तीनसारखाच दिसतो, कारण साचा पूर्ण चावलेल्या स्थितीतच जुळवलेला असतो. एका बाजूच्या क्रॉसबाइटमध्येही (वरचे दात खालच्यांच्या आत बसतात तेव्हा) हाच प्रकार आडवा होतो: वरची कमान दोन्हीकडे थोडी अरुंद असते आणि जबडा सोयीसाठी एका बाजूला सरकतो.

आत गेल्यावर पहिलं काम दात मोजणं. हसू नका, खालचा एक पटाशीचा दात जन्मतःच नसलेला किंवा मधोमध जादा दात लपलेला, हे मोजल्याशिवाय सुटून जातं. नंतर कीड, हिरड्या, स्वच्छता. तोंड स्वच्छ नसेल तर कुठलंही अप्लायन्स थांबलंच पाहिजे. ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडायला फार वेळ लागत नाही. शेवटी ओव्हरजेट, ओव्हरबाइट (वरचे पुढचे दात खालच्यांना उभे किती झाकतात), मध्यरेषा, क्रॉसबाइट. ओव्हरजेट पट्टीने मोजून आकड्यात लिहा. "वाढलेला" हा शब्द सहा महिन्यांनी तुलनेला उपयोगी पडत नाही.

साचे: कंटाळवाणे, पण तिथेच पाया

अल्जिनेटचं इम्प्रेशन (दातांचा ठसा) उघडं ठेवलं तर पाणी सोडून आकसतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर पाणी शोषून फुगतं. धुवा, निर्जंतुक करा, ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळा आणि लवकरात लवकर प्लास्टर ओता. ऑर्थोडॉन्टिक साच्यासाठी इम्प्रेशनमध्ये सल्कसची (ओठ-गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेची) खोली यायला हवी; दातांपुरतं इम्प्रेशन घेतलं तर मुळांकडचा हाडाचा उतार दिसत नाही.

ट्रिमिंग करताना वरच्या साच्याची मागची बाजू टाळूच्या मध्यरेषेला काटकोनात घ्या, मग वॅक्स बाइटने (पेशंटने चावलेल्या मेणाच्या ठशाने) दोन्ही जुळवून खालचा त्याच रेषेत कापा. वरच्याचा पुढचा भाग टोकदार, खालच्याचा गोलाकार. नीट कापलेली जोडी मागच्या बाजूवर उभी केली की दात आपोआप जुळतात. ही शोभा नाही. साचा चुकीचा जुळला तर त्याच्यावरचं सगळं वाचन चुकीचं.

बिघडलेले साचे वाचण्याआधी चांगले साचे बघा. लॉरेन्स अँड्र्यूजने १९७२ मध्ये सामान्य ऑक्लूजनच्या (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याच्या) ज्या सहा किल्ल्या, म्हणजे निकष, मांडल्या त्या ऑर्थोडॉन्टिक उपचार न झालेल्या १२० उत्तम ऑक्लूजनच्या साच्यांवरून. चांगलं काय हे डोळ्यांत बसलं की वाईट शोधावं लागत नाही. वर्गातल्या ज्याचे दात मुळातच सुरेख आहेत त्याच्या साच्यांची एक जोडी टेबलावर ठेवा.

अँगलचं वर्गीकरण, आणि ते कुठे फसवतं

एडवर्ड अँगलचं १८९९ चं वर्गीकरण टिकलं ते सोपं असल्यामुळे. वरच्या पहिल्या कायम दाढेचा मेसिओबक्कल कस्प (गालाकडचा पुढचा उंचवटा) खालच्या पहिल्या कायम दाढेच्या बक्कल ग्रूव्हमध्ये (गालाकडच्या खाचेत) बसला तर क्लास एकचं मोलर नातं. खालची दाढ त्याहून मागे असेल तर दोन, पुढे असेल तर तीन. दोनमध्ये वरचे पटाशीचे दात पुढे झुकलेले असतील तर डिव्हिजन एक. मधले दोन आत झुकलेले आणि ओव्हरबाइट खोल असेल तर डिव्हिजन दोन.

फसवणूक अशी होते. दुधाची दुसरी दाढ लवकर काढली की मागची कायम दाढ पुढे सरकते. वरच्या बाजूला असं झालं तर क्लास एकच्या जबड्यांवर क्लास दोनचं मोलर नातं दिसतं. म्हणून सुळ्यांचं नातं नेहमी सोबत लिहा आणि उजवी-डावी बाजू वेगळी लिहा. दुसरं म्हणजे मिश्र दंतावस्थेत (दुधाचे आणि कायम दात एकत्र असताना) दाढा कस्पला कस्प टेकलेल्या दिसणं ही बऱ्याचदा वाटेतली अवस्था असते. दुधाच्या दाढा पडल्यावर खालची दाढ वरचीपेक्षा जास्त पुढे सरकते आणि क्लास एक तयार होतो. शिवाय हे वर्गीकरण उंचीबद्दल, रुंदीबद्दल आणि जबड्याच्या हाडांबद्दल काही बोलत नाही. ते निदानाचं पहिलं वाक्य समजा, निदान नव्हे.

जागेचा हिशेब

मॉडेल ॲनालिसिसच्या (साच्यांवरून करायच्या हिशेबांच्या) पद्धतींची नावं बरीच आहेत. पदवीला दोन नीट आली तरी पुष्कळ.

पहिला हिशेब मिश्र दंतावस्थेचा: न आलेल्या सुळ्याला आणि दोन उपदाढांना किती जागा लागेल? टनाका आणि जॉन्स्टन यांची १९७४ ची पद्धत तक्त्याशिवाय चालते. खालच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीची बेरीज करा, निम्मी करा. खालच्या एका बाजूसाठी त्यात १०.५ मिमी मिळवा, वरच्यासाठी ११.

समजा बेरीज २३ मिमी आली. निम्मी ११.५. खालच्या प्रत्येक बाजूला २२ मिमी लागतील, वरच्या प्रत्येक बाजूला २२.५. खालच्या कमानीत पहिल्या कायम दाढेपासून दुसरीकडच्या पहिल्या कायम दाढेपर्यंत तुकड्या-तुकड्यांत मोजलेली जागा ६६ मिमी आहे. लागणारी: २३ अधिक ४४, म्हणजे ६७. एक मिलिमीटर कमी.

इथे विद्यार्थी हमखास म्हणतो, "लीवे स्पेस आहे ना, भागेल." लीवे स्पेस म्हणजे दुधाचा सुळा आणि दोन दाढा यांची एकत्र रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या कायम दातांपेक्षा जितकी जास्त तितकी जागा; नान्सच्या आकड्यांप्रमाणे खाली प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिमी आणि वर ०.९. पण आपण मोजलेल्या ६६ मिमीमध्ये ती जागा आधीच आली आहे! ती पुन्हा मिळवता येत नाही. उलट खालच्या दाढा नेहमीप्रमाणे प्रत्येक बाजूला १.७ मिमी पुढे सरकल्या तर कमतरता एकवरून ४.४ वर जाते. दाढा जागेवर थोपवल्या तर ती एकच राहते. लिंग्वल आर्च (दाढा थोपवणारी, दातांच्या आतल्या बाजूची वायर) लावायचा की नाही हा निर्णय या साध्या बेरजेवर उभा असतो. अर्थात त्या दाढा क्लास एकमध्ये यायला पुढे सरकणं गरजेचं असेल तर थोपवण्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. हे दोन्ही ज्याला एकत्र दिसतं त्याला मिश्र दंतावस्था समजली.

दुसरा हिशेब बोल्टनचा, १९५८ चा. खालच्या सहा पुढच्या दातांची बेरीज भागिले वरच्या सहांची, गुणिले शंभर: आदर्श ७७.२ टक्के. पहिल्या दाढेपर्यंतच्या बारा दातांसाठी ९१.३. खालची बेरीज ३७ आणि वरची ४६ असेल तर गुणोत्तर ८०.४ येतं. ४६ ला शोभेल अशी खालची बेरीज ३५.५, म्हणजे खाली दीड मिलिमीटर जास्त. याचा अर्थ दात कितीही सुरेख लावले तरी वर फटी राहतील किंवा ओव्हरजेट कमी पडेल. खुंटीसारखा बारीक लॅटरल (बाजूचा पटाशीचा दात) असेल तर गुणोत्तर असंच वाढतं, आणि उपाय वायरने नव्हे, कंपोझिटने होतो.

सेफॅलोमेट्री: थोडे कोन, नीट

प्रमाणित सेफॅलोग्राम (डोकं ठरावीक स्थितीत ठेवून घेतलेला एक्स-रे) १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मांडला. पदवीच्या विद्यार्थ्याने स्टायनरचे तीन कोन (वरच्या जबड्याचं स्थान सांगणारा एसएनए ८२ अंश, खालच्याचं सांगणारा एसएनबी ८०, दोघांतला फरक एएनबी २) आणि ट्वीडचा त्रिकोण (खालच्या जबड्याचा आणि खालच्या पटाशीच्या दातांचा कल: एफएमए २५, आयएमपीए ९०, एफएमआयए ६५) एवढं पक्कं करावं.

ट्रेसिंग करताना आधी मऊ ऊतींची बाह्यरेषा काढा, मग हाडं, आणि बिंदू सर्वांत शेवटी. बिंदू आधी टाकून रेषा त्यांच्याकडे ओढल्या की चूक लपते. तेच ट्रेसिंग आठवड्याने, जुनं न बघता, पुन्हा करा. एएनबीमध्ये एक-दीड अंशाचा फरक पडला तर आश्चर्य वाटू देऊ नका. पण त्यानंतर एएनबी ४ की ५ यावर वाद घालायची इच्छा उरणार नाही. एएनबी हा नेझियन (नाकाच्या मुळाशी असलेला बिंदू) कुठे आहे त्यावरही हलतो, म्हणून शंका असेल तिथे विट्स बघा: ए आणि बी बिंदूंवरून (वरच्या आणि खालच्या जबड्याच्या पुढच्या खुणांवरून) ऑक्लूजल प्लेनवर (दात चावण्याच्या पातळीवर) लंब टाकून त्यांच्यातलं अंतर. आकडा आणि चेहरा वेगवेगळं सांगत असतील तर आधी ट्रेसिंग तपासा, मग चेहऱ्यावर विश्वास ठेवा.

वायर: हाताचं शिक्षण

नियम एकच आणि तो शंभरदा मोडला जातो: प्लायर धरतो, वाकवतं ते बोट. प्लायर पिळून वायर वाकवली की तिच्यावर खाचा पडतात आणि काही आठवड्यांनी पेशंटच्या तोंडात ती तिथेच तुटते. चुकलेला वाक सरळ करून त्याच जागी पुन्हा वाकवू नका. तिथे वायर ठिसूळ होते. नवा तुकडा घ्या.

ॲडम्स क्लॅस्पसाठी ०.७ मिमीची कडक स्टेनलेस स्टील वायर लागते. दाढ अर्धवट उगवलेली असेल तर साच्यावर मेसिओबक्कल आणि डिस्टोबक्कल (गालाकडच्या पुढच्या आणि मागच्या) अंडरकटजवळचं, म्हणजे दाताच्या फुगीर भागाखालच्या खाचेजवळचं, प्लास्टर किंचित खरवडून घ्या. दोन अंडरकटमधलं अंतर वायरवर खुणावून ब्रिजचे (क्लॅस्पच्या मधल्या सरळ भागाचे) दोन वाक एकाच दिशेला, काटकोनाहून थोडे जास्त घ्या. प्रत्येक बाजूला प्लायरच्या टोकाभोवती वायर उलटी वळवून ॲरोहेड (बाणाच्या टोकासारखा फासा) तयार करा आणि ते दाताकडे झुकवा, म्हणजे टोक अंडरकटमध्ये शिरेल. मग उरलेली दोन टोकं शेजारच्या दाताच्या संपर्कबिंदूवरून टाळूकडे न्या, प्लास्टरपासून किंचित उचलून, म्हणजे ॲक्रिलिकला (प्लेटच्या प्लास्टिकला) खाली शिरायला जागा राहील.

तपासताना बघायचं ते असं: दोन्ही ॲरोहेड एकाच वेळी दाताला टेकतात का, शेजारच्या दाताला लागत नाहीत ना, ब्रिज दातापासून सुटा आणि साधारण ४५ अंशांत आहे का, आणि वरून जाणारी वायर चावताना मध्ये येते का. शेवटचं विरुद्ध साचा जुळवूनच कळतं. बहुतेकांचा पहिला क्लॅस्प दिसायला सुंदर असतो आणि पकडत काहीच नाही, कारण ॲरोहेड फुगीर भागावर बसलेलं असतं, अंडरकटमध्ये नाही.

स्प्रिंगचं गणित समजून घ्या. ठरावीक अंतर दाबलेल्या स्प्रिंगचं बल वायरच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं आणि लांबीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतं. ०.५ ऐवजी ०.७ मिमी वायर वापरली तर बल जवळपास चौपट. लांबी दुप्पट केली तर एक अष्टमांश. स्प्रिंगमध्ये कॉइल घालतात ती लांबी वाढवायला. म्हणून दात ढकलणाऱ्या फिंगर स्प्रिंग आणि झेड स्प्रिंग ०.५ मिमीच्या, क्लॅस्प आणि लेबियल बो (पुढच्या दातांच्या ओठाकडून जाणारी वायर) ०.७ च्या.

बल हलकं का हवं? दात कलता सरकवायला ३५ ते ६० ग्रॅम पुरतात, मुळासकट सरकवायला ७० ते १२०, आत दाबायला १० ते २०. जास्त दाबलं की लिगामेंटमधल्या (दात हाडाला धरणाऱ्या तंतूंमधल्या) रक्तवाहिन्या चिरडतात, तिथला भाग पेशीविरहित होतो आणि हाड समोरून झिजण्याऐवजी मागच्या बाजूने पोखरलं जातं. दात काही दिवस थांबतो, दुखतो, मुळाला धोका वाढतो. महिन्याला साधारण एक मिलिमीटर हा वेग घाईने बदलत नाही. आणि रिमूव्हेबल (काढता-घालता येणाऱ्या) अप्लायन्सची स्प्रिंग दाताला एकाच बिंदूवर ढकलते, त्यामुळे दात कलतो. मूळ सरळ सरकवणं तिच्या आवाक्यात नाही. केस निवडताना हे वाक्य सतत डोक्यात ठेवा.

पहिली केस कोणती घ्यावी

वरचा एकच मधला पटाशीचा दात खालच्या दातांच्या मागे बसलाय, मूल आठ-नऊ वर्षांचं आहे: ही उत्तम पहिली केस, चार अटींवर. दात आत कललेला असावा, मुळासकट आत नसावा. पुढे यायला जागा असावी. जबड्यांचा क्लास तीन नसावा. आणि दात पुढे आल्यावर पुरेसा ओव्हरबाइट उरावा. चौथी अट सर्वांत महत्त्वाची, कारण पुढे आलेला दात तोच ओव्हरबाइट धरून ठेवतो. तो नसेल तर तुमचं काम परत मागे जातं.

अप्लायन्स: पहिल्या कायम दाढांवर ॲडम्स क्लॅस्प, पुढेही पकड हवी म्हणून दुधाच्या पहिल्या दाढांवर आणखी दोन, त्या दाताच्या मागे ०.५ मिमीची झेड स्प्रिंग, आणि दात मोकळा होईल एवढाच जाड पोस्टीरियर बाइट प्लेन (दाढांवरचा ॲक्रिलिकचा थर). झेड स्प्रिंग प्लेट खाली ढकलते. पुढचे क्लॅस्प नसतील तर मूल जिभेने प्लेट खेळवत बसतं.

अप्लायन्स देताना ते स्प्रिंग सक्रिय न करता द्या. आधी मुलाला घालायला-काढायला आरशासमोर शिकवा. जेवतानाही घालायचं, फक्त घासताना आणि खेळात मार लागण्याची शक्यता असताना काढायचं. पुढच्या भेटीत एक-दोन मिलिमीटर सक्रिय करा, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. मूल घालतंय की नाही हे विचारू नका, बघा: बोलणं स्पष्ट झालंय का, टाळूवर प्लेटची खूण आहे का, ॲक्रिलिकची चकाकी गेली आहे का. पुढच्या भेटीला नवी कोरी प्लेट दिसली तर स्प्रिंग आणखी दाबून उपयोग नाही, आधी बोलावं लागेल.

कधी पाठवायचं

तीव्रतेसाठी ब्रूक आणि शॉ यांचा १९८९ चा आयओटीएन (उपचारांची गरज मोजणारा निर्देशांक) वापरा. मॉकडो (इंग्रजी आद्याक्षरांवरून) क्रमाने बघा: नसलेले किंवा अडकलेले दात, ओव्हरजेट, क्रॉसबाइट, संपर्कबिंदूंचं सरकणं, ओव्हरबाइट. सर्वांत गंभीर सापडलेली एकच गोष्ट ग्रेड ठरवते. ओव्हरजेट ९ मिमीपेक्षा जास्त असेल तर ग्रेड पाच. सहा ते नऊ असेल तर चार. संपर्कबिंदू ४ मिमीपेक्षा जास्त सरकलेला असेल तरी चार. चार आणि पाच म्हणजे उपचारांची गरज स्पष्ट आहे.

पण ग्रेड वेळ सांगत नाही. वेळेसाठी वय बघावं लागतं. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांत फट आणि लॅटरल बाहेर कललेले दिसणं ही बहुधा जाणारी अवस्था आहे; सुळे उतरताना ती मिटते, रबर बँड घालून ती फट मिटवू पाहणाऱ्या पालकांना थांबवा. वरचा जबडा मागे राहिलेला क्लास तीन मात्र दहाच्या आत पाठवा, फेसमास्कचा (वरचा जबडा पुढे ओढणाऱ्या, चेहऱ्यावर घालायच्या साधनाचा) परिणाम तेव्हाच चांगला मिळतो. जबड्यांचा क्लास दोन बहुतेकदा वाढीच्या उसळीच्या सुमारास. त्याआधी पुढे आलेल्या दातांना मार लागण्याची भीती असेल किंवा मुलाला चिडवलं जात असेल तर वाट बघू नका. बाजूला घसरणारा क्रॉसबाइट दिसला की लगेच.

आणि सुळा. दहाव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या वरच्या सल्कसमध्ये, दुधाच्या सुळ्याच्या मुळाच्या वर, बोट फिरवा. दोन्हीकडे फुगवटा लागायला हवा. एका बाजूला लागतो आणि दुसरीकडे नाही, तर एक्स-रे काढा. दोन कोनांतून घेतलेल्या फिल्मवर सुळा एक्स-रे ट्यूबच्या दिशेने सरकला तर तो टाळूकडे आहे. १९८८ मध्ये एरिक्सन आणि क्युरॉल यांनी दाखवलं की टाळूकडे भरकटलेल्या ४६ पैकी ३६ सुळ्यांचा मार्ग फक्त दुधाचा सुळा काढल्याने सुधारला. सुळ्याचं टोक लॅटरलच्या मुळाची मध्यरेषा ओलांडलेलं नसेल तेव्हा ९१ टक्के, ओलांडलेलं असेल तेव्हा ६४. हे काढणं तुमच्या हातचं आहे, निर्णय तज्ज्ञाला विचारून घ्या. चौदाव्या वर्षी तोच सुळा सापडला तर शस्त्रक्रिया आणि सुळा ओढून आणायला चेन लागते, कधी तोवर लॅटरलचं मूळ झिजलेलं असतं.

रेफरलची चिठ्ठी "वाकडे दात, कृपया पाहावे" अशी लिहू नका. वय, तक्रार पेशंटच्या शब्दांत, मोलर आणि सुळ्यांचं नातं दोन्ही बाजूंचं, ओव्हरजेट आकड्यात, मिटताना जबडा घसरतो का, न उगवलेल्या दातांबद्दल काय शंका आहे, कीड आणि स्वच्छतेची स्थिती, आणि कुठला एक्स-रे कधी काढला. फिल्म सोबत जोडा, म्हणजे मुलाला तोच एक्स-रे पुन्हा काढावा लागणार नाही. साच्यांवर नाव आणि तारीख पेन्सिलने लिहिली आहे ना, तेही पाठवण्याआधी बघून घ्या.